जमिनीच्या पोटाची नोंद कोठें आहे?

कांजूरमार्ग स्टेशनाच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीकडे पसरलेल्या मिठागरांविषयीं मागें वर्तमानपत्रांतून पुष्कळ मजकूर आला. सन २०२० मध्यें तेथील १०२ एकर जमीन मेट्रो रेल्वेच्या कारशेडकरितां देण्याचा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनीं काढला. जमीन मिठागराची म्हणून केंद्र सरकारनें तिजवर हक्क सांगितला. आणि त्याच वर्षीं १६ डिसेंबर रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या हुकुमास स्थगिती दिली. ज्यानें उभी नोकरी सातबारा व फेरफार लिहिण्यांत घालविली, त्या मजसारख्या कारकुनास हा वाद ओळखीचाच होता. जमीन कोणाची, हें सर्वांनीं विचारलें. ती कशी, हें विचारणारे फार थोडे.

खाडीकांठची ती माती म्हणजे भरतीच्या पाण्यानें आणून बसविलेला मऊ चिखल होय. आकारमानानें पाहतां तींत कणांपेक्षां पाणीच अधिक. अशा मातीवर भार घातला असतां तो प्रथम पाण्यावर पडतो. तें पाणी हळूहळू पिळून निघतें, आणि तसतशी जमीन खचत जाते. कार्ल टेर्झागी ह्या ऑस्ट्रियन स्थापत्यशास्त्रज्ञानें १९२५ सालीं ही गोष्ट गणितानें मांडली, व तेव्हांपासून मातीच्या बळाचें हें शास्त्र स्वतंत्र झालें. त्या गणितांतील एक गोष्ट आपणहि ध्यानांत धरावी: चिखलाचा थर दुप्पट जाड असला तर त्यास बसण्यास काळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. भराव टाकून दोन पावसाळे झाले, आतां जमीन बसली, असें म्हणणारा फसतो तो येथें. ह्या विषयाचें शिक्षण व संशोधन चालविणारी पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, जी १९५८ सालीं स्थापन झाली, ती कांजूरमार्गाच्या शेजारींच आहे.

आपण म्हणाल, खाडीच्या चिखलाशीं काळ्या रानाचा संबंध काय? माझेंच उदाहरण सांगतों. मीं गांवीं गोठा बांधला. पाया दोन हात खोल. गवंड्यानें पुरे म्हटलें, मींहि मान हलविली. दुसऱ्या उन्हाळ्यांत भिंत अशी फाटली कीं भेगेंतून हात जाई. सरकारतर्फे २०१५ सालापासून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका माझ्या कपाटांत होती. तींत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह अशा बारा गोष्टी असतात, परंतु माती भिजल्यावर किती फुगते तेवढें नसतें. तें घरींहि अजमावतां येतें. वाळवून चाळलेली माती समान वजनानें दोन कांचेच्या उभ्या नळ्यांत घालावी. एकींत पाणी व दुसरींत रॉकेल भरावें, ढवळावें, आणि एक दिवस तसेंच ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं. पाण्यांतला थर तिच्या दुप्पट भरला तर उथळ पाया घालूं नये. भेगा जेथवर जातात त्याच्या खालीं, मुरुमापर्यंत, उतरावें. मीं ही परीक्षा केली ती भिंत फाटल्यावर.

मात्र विहीर, शेततळें, मोठा बांध यांच्या खालचें नळींत दिसत नाहीं. त्यास खोल बोअर घ्यावा लागतो व तो खर्च एका खातेदारास झेपत नाहीं. आणि नवल असें कीं, आपल्या शिवारांत असे बोअर पुष्कळदां आधींच झालेले असतात. रेल्वे, महामार्ग, कालवा, पूल, कोणतेंहि काम निघालें कीं यंत्र येतें, थराथरांचे नमुने पेट्यांत भरून जातात, अहवाल होतो. ज्याच्या शेतांत बोअर पडला त्याच्या दृष्टीस तो अहवाल क्वचितच पडतो. माझें मागणें एवढेंच कीं, सार्वजनिक पैशानें घेतलेल्या प्रत्येक बोअरच्या अहवालाची नक्कल गट नंबरासह गांवच्या दप्तरीं असावी, व खातेदारास ती सातबाऱ्याप्रमाणें मागतांच मिळावी. तलाठ्याचें दप्तर आधींच ओसंडतें, हें मजहून अधिक कोण जाणेल? परंतु उतारे आतां संगणकावर निघतात; तेथें एक पान वाढल्यानें कपाट मोडत नाहीं.

एका बागाइतदारानें आक्षेप घेतला कीं, खालीं चिखल आहे असें कागदावर आलें तर जमिनीचा भाव उतरेल. भीति खोटी नाहीं. पण मोठा घेणारा आपला इंजिनियर आणून माती पाहतोच. सौद्याच्या वेळीं अज्ञानांत असतो तो एकटा विकणारा. आणि खालीं चांगला मुरूम असला, तर तें आज आपणांस कोण सांगतो?

येत्या वार्षिक सभेंत ह्या अर्थाचा ठराव मांडण्याचा माझा विचार आहे. ज्यांच्या शेतांत असा बोअर झाला असेल, त्यांनीं गट नंबर व साल संपादकांकडे कळवावें.

— एक सेवानिवृत्त कारकून, कांजूरमार्ग