चार हातांचे संगीत आणि आपली समीक्षा

एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायच्या संगीताविषयी एक ठरीव मत आढळते. ते असे की, हा प्रकार म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घरांची सोय होती. वाद्यवृंद ऐकायला मिळणे दुर्मीळ, म्हणून सिंफनींची चार हातांसाठी केलेली रूपांतरे घरोघर वाजत. पुढे ग्रामोफोन आला, १९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली आणि या प्रकाराचे प्रयोजन संपले. या मताचा पूर्वार्ध आम्हांला मान्य आहे. उत्तरार्ध मात्र विसाव्या शतकातील इंग्लंडच्या बाबतीत टिकत नाही.

प्रयोजन संपले असेल तर पुढील रचनांचा अर्थ कसा लावायचा? पीटर वॉर्लॉकचा ‘कॅप्रिऑल सूट’ १९२६ चा. विल्यम वॉल्टनची मुलांसाठीची युगुलवादने १९४० ची. लेनक्स बर्कलीची सोनाटिना १९५४ ची, तर रिचर्ड रॉडनी बेनेटचे ‘कॅप्रिचिओ’ १९६८ चे. कॉन्स्टंट लॅम्बर्टचे उदाहरण तर विशेष लक्षणीय आहे. रेडिओ आणि ग्रामोफोनमुळे संगीत सतत, सर्वत्र आणि फुकाचे झाले आहे, ही तक्रार त्याने १९३४ च्या ‘म्यूझिक हो!’ या समीक्षाग्रंथात केली होती. त्याच लॅम्बर्टने १९४९ मध्ये केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवायच्या तीन रचना चार हातांसाठी लिहिल्या. जे संगीत हातांनी केल्यावाचून पुरते मिळत नाही, त्याची ओढ येथे दिसते, असे आम्हांला वाटते.

हा प्रकार मुळातच निराळा आहे. दोन पियानोंवर दोन स्वतंत्र वादक असतात. येथे वाद्य एक, पट्ट्या त्याच आणि पेडलही एकच. ते सहसा खालच्या सप्तकांत वाजवणाऱ्याच्या पायाखाली असते, म्हणजे वरच्याच्या स्वरांची लांबी दुसऱ्याच्या हाती राहते. एकाने हात उचलल्याशिवाय दुसऱ्याला तीच पट्टी मिळत नाही. ध्वनिमुद्रणात हे काहीच ऐकू येत नाही. जात्यावरची ओवी छापील संग्रहात वाचताना खुंट्यावरचे दोन हात जसे नाहीसे होतात, तसेच हे.

समीक्षेचा खरा घोटाळा पुढे आहे. एखादी कृती दोन रूपांत असली की वाद्यवृंदाचे रूप ‘मूळ’ आणि पियानोचे ‘कच्चा खर्डा’, असे आपण न विचारता धरून चालतो. ‘कॅप्रिऑल’ आज बहुतेकांना तंतुवाद्यवृंदाचा म्हणूनच माहीत आहे. वॉल्टनने आपली युगुलवादने १९४१ मध्ये वाद्यवृंदासाठी मांडली. गुस्ताव्ह होल्स्टचे ‘द प्लॅनेट्स’ तर दोन पियानोंसाठी उतरले. अपवाद फक्त ‘नेपच्यून’चा, तो ऑर्गनसाठी. होल्स्टचा उजवा हात दुखणाईत असल्याने वॅली लास्कर आणि नोरा डे या त्याच्या शाळेतील सहकारी शिक्षिकांनी लेखनाला हात दिला. ऋग्वेदातील सूक्तांसाठी संस्कृत शिकलेला आणि ‘सावित्री’ हा ऑपेरा तीन गायक व मोजक्या वाद्यांत बसवणारा हा संगीतकार. त्याला लहान आकाराचे मोल कळत नव्हते, असे कोण म्हणेल?

सिरिल स्मिथ आणि फिलिस सेलिक या दांपत्याची हकीकत या संदर्भात आठवते. व्हॉन विल्यम्सने १९४६ मध्ये त्यांच्यासाठी दोन पियानोंची एक रचना केली होती. १९५६ मध्ये सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर असताना स्मिथचा डावा हात कायमचा निकामी झाला. तरी जोडी फुटली नाही. दोघे तीन हातांनी वाजवू लागले, आणि माल्कम अर्नल्डने १९६९ मध्ये दोन पियानो व तीन हात यांच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला. तो ऐकताना चौथ्या हाताची उणीव मोजत बसणारा समीक्षक कृती सोडून भलतेच काही तपासत असतो. कोणाच्या हातांसाठी लिहिले, हा प्रश्न येथे चरित्राचा राहत नाही, कृतीच्या घडणीचाच होतो.

यावर कोणी म्हणेल, यांतले थोर किती? फार नाही, हे आम्ही मान्य करतो. बर्कलीची सोनाटिना नीटस आहे, वॉल्टनचे तुकडे खेळकर आहेत. त्याहून मोठा दावा त्यांनीही केलेला नाही. पण थोरवी हा एकच गज घेऊन बसले की पत्र, ओवी, बालगीत हे सारे अभ्यासक्रमाच्या कडेला जाते, हे साहित्याच्या शिक्षकांना आम्ही वेगळे सांगायला नको. ज्या कृतीचा पहिला वाचक तिच्यात सहभागी असतो, तिला प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरून जोखणे अपुरे आहे. विद्यार्थ्यांना ‘द प्लॅनेट्स’ ऐकवायचे असेल, तर एकदा तरी पियानोंवरचे ऐकवावे, आणि ते ऐकवताना ‘हा खर्डा’ असे म्हणू नये.