दारावरची घंटा

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या दाराला पितळी कडी अजून आहे. आजोबांच्या काळी आलेला माणूस ती वाजवी, आणि वाजविण्याच्या तऱ्हेवरूनच माजघरातली मंडळी ओळखीत, की सोयरे आले आहेत की वसुलीवाले! पुढे वडिलांनी विजेची घंटा बसविली. आणि आता चिरंजीवांनी, कॅनडाला परत जाण्यापूर्वी, तिच्या जागी ‘हुशार’ घंटा लावून दिली आहे. बाहेर कोणी कळ दाबली, की आमच्या घरात ती वाजते आणि त्याच क्षणी टोरांटोत त्यांच्या फोनवरही. पाहुण्याचा चेहरा दिसतो, बोलताही येते.

प्रथम मला हे थेर वाटले. पण २०२३ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी भाजी आणावयास गेलो असता सौ. न्हाणीघरात पाय घसरून पडली. शेजारच्या वहिनींनी घंटा वाजविली, दार उघडेना. तेव्हा चिरंजीवांनी तिकडून त्यांना मागच्या दाराची किल्ली कोणत्या कुंडीखाली आहे ते सांगितले. त्या दिवसापासून मी त्या घंटेची थट्टा सोडून दिली.

म्हणूनच २०२४ च्या ऑगस्टमध्ये, विश्वामित्रीच्या पुराने शहराची दैना केली त्या पावसात, ती मुकी झाली तेव्हा घरात सुतकी कळा आली. चिरंजीव रोज फोन करून विचारीत, “बाबा, आई बरी आहे ना?” कंपनीला कळविले. उत्तर अत्यंत गोड होते: हमीची मुदत संपली, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती होत नाही, नवी घ्या, सवलत देऊ.

नवी घेणे सोपे होते. पण एका टीचभर पेटीत काय असे बिघडले आहे, हे पाहिल्याखेरीज ती टाकून देणे मनाला पटेना. सूनबाईंचे केस वाळविण्याचे यंत्र इथेच राहिले होते. त्याच्या उबेने पुढच्या पट्टीचा डिंक मऊ केला आणि ताऱ्याच्या खाचेचे स्क्रू काढले. आत लिथियमची बॅटरी होती. ती फुगलेली असती तर मी हात लावला नसता; तशी बॅटरी टोचली किंवा दाबली तर पेट घेते. पण ती सपाट होती आणि मीटरवर ३.९ व्होल्ट दाखवीत होती. रोग निराळाच होता. पाणी अडविणारी रबरी कड एका कोपऱ्यात सरकली होती, आणि तिथून शिरलेल्या ओलीने तांब्याच्या जोडांवर हिरवट गंज चढला होता. मीटर लावून पाहिले, तर कळीखालचा बारकासा स्विच दाबूनही प्रवाह जात नव्हता.

जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने गंज काढला. पाच रुपयांचा स्विच बाजारातून आणून सोल्डर केला. एक दिवस सावलीत वाळू दिले. कड नीट बसवून भोवती सिलिकोन भरले. मात्र ध्वनिग्राहकाचे छिद्र आणि पाणी निथळण्याची खालची फट मोकळी ठेवली. तीही बुजविली असती, तर आत जमलेल्या दमटपणाला वाटच उरली नसती. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली. चित्र थोडे धूसर दिसते, हे कबूल करतो.

वाचक म्हणतील, या म्हाताऱ्याला फावला वेळ पुष्कळ! असेल. पण प्रश्न माझ्या वेळेचा नाही. ज्या नगरीत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्यांनी हातांना विद्या दिली, त्या नगरीत पाच रुपयांच्या भागासाठी हजारोंची वस्तू उकिरड्यावर जावी, हे मला लाजिरवाणे वाटते. पूर्वी रेडिओच्या पाठीमागे पुष्कळदा आतील जोडणीचा नकाशा चिकटविलेला असे. विकणाऱ्याने गृहीतच धरले होते, की हा कधी तरी बिघडेल आणि कोणी तरी तो उघडील. पावसापासून बचावासाठी पेटी घट्ट हवी, हे कंपन्यांचे म्हणणे खरे आहे. पण घट्टपणा स्क्रूने आणि रबराने येतो. डिंकाने येतो तो फक्त अडाणीपणा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, हे ठीकच झाले. पण हक्क कागदावर असून भागत नाही. रबरी कड दुकानात मिळाली पाहिजे.

आणि एक गोष्ट माझ्या हाताबाहेरची आहे. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, तसा या घंटेचा जीव कंपनीच्या दूरच्या संगणकांत आहे. त्यांनी उद्या ती सेवा बंद केली, तर माझा सोल्डर आणि सिलिकोन काय करणार? घंटा माझ्या दारावर, पैसे माझे, आणि पोपट त्यांच्या हाती! ज्या वस्तूवर घरातल्या माणसाचा जीव सोपवायचा, तिने निदान आपल्या दारापुरते तरी कोणाच्या मर्जीवाचून वाजावे, एवढी मागणी काही फार नव्हे.

तोवर कडी मी काढलेली नाही, आणि किल्ली कोणत्या कुंडीखाली आहे हे आता शेजारच्या वहिनींनाही सांगून ठेवले आहे. ज्यांची मुले दूर आहेत त्यांनी अशी घंटा जरूर लावावी. मात्र दुकानदाराला चित्र किती स्वच्छ येते हे विचारण्याआधी एवढे विचारावे: “हिचे झाकण उघडते का? आणि कंपनी उद्या गप्प बसली, तर ही वाजेल का?”