आधी उत्तर, मग परीक्षा

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती 'दूध प्यायले'. मी तेव्हा आदिलाबादेत नवखा शिक्षक होतो. रांगेतल्या भाविकांनी रिकामा झालेला चमचा पाहिला, मूर्तीखालची ओल पाहिली नाही. आम्ही 'पुरोगामी' मात्र शिक्षकांच्या खोलीत बसून हसलो. पृष्ठताण वर्गात शिकवणाऱ्या आमच्यापैकी एकानेही चमचा हाती घेतला नाही! दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून ओघळताना दाखवले, तेव्हा त्यांच्या पुराव्यावर आम्ही आपली पाठ थोपटून घेतली. भाविकांनी श्रद्धेवर विसंबून उत्तर लिहिले, आम्ही ऐटीवर. आमचे उत्तर बरोबर निघाले खरे; पण कॉपी करून लिहिलेल्या बरोबर उत्तराला, सांगा, मुख्याध्यापकाने गुण द्यावेत काय?