धबधब्याआधीचा ओढा

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रतनवाडीला पावसाळ्यात धबधबे पाहायला जाणारे लोक रेनकोट, बूट, डबा यांची चोख तयारी करतात. वाटेत ओलांडायचे ओढे मात्र कुणी मोजत नाही. खरा धोका तिथेच असतो. रतनगडाच्या माथ्यावर सर कोसळली की खाली पाऊस नसतानाही ओढा काही मिनिटांत फुगू शकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. पोहता येणे इथे फारसे कामाचे नाही. लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात.

पाणी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला की लगेच उंचावर जावे. ओढा चढला असेल तर अलीकडेच थांबावे. सर ओसरली की लहान ओढा बहुधा उतरतो. त्यासाठी बेतातच दोन तास राखून ठेवावेत आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावेत, कारण भिजल्या अंगाने वाऱ्यात बसले तर २० अंशांतही हुडहुडी भरते. आणि गावातला वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर त्याला जास्त पैसे देऊ करू नयेत.