पायऱ्यांचा हिशेब

हल्ली गाण्याचे मोल ते किती लाख लोकांनी पाहिले यावर ठरते, अशी तक्रार आपल्या पिढीतील जाणकार वारंवार करतात. तीच मंडळी ‘बिनाका गीतमाले’चे नाव निघताच हळवी होतात. कोणते गीत कोणत्या वर्षी पहिल्या पायरीवर होते, हे त्यांना मुखोद्गत असते. या दोन मोजमापांत मला तत्त्वतः काहीच फरक दिसत नाही.

गीतमाला १९५२ साली रेडिओ सिलोनवरून सुरू झाली. त्याच सुमारास केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला होता. श्रोत्यांनी रेडिओचा काटा मुकाट्याने कोलंबोकडे वळवला. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून शासनाला माघार घ्यावी लागली. अभिरुची आदेशाने घडत नाही, हे शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याने तरी मान्य केले पाहिजे.

परंतु ती मोजणीनेही घडत नाही. अमीन सयानी यांच्या गोड निवेदनाने सजलेला तो कार्यक्रम मुळात एका टूथपेस्टची जाहिरात होता. तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांची पत्रे, हा त्या यादीचा आधार. ठरावीक आठवडे टिकलेले गीत ‘सरताज’ म्हणून सन्मानाने निवृत्त होई. १९५३ च्या वार्षिक यादीत ‘अनारकली’तील गीत अग्रस्थानी आले. गायिका लता मंगेशकर, संगीतकार सी. रामचंद्र. दोघेही मराठी, लताबाईंचे घराणे तर आपल्या मंगेशीचे. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण त्या यादीत प्रवेश होता तो केवळ हिंदी चित्रपटगीतांना. मराठी भावगीत वा नाट्यपद घरोघरी कितीही गायिले जावो, त्याला तेथे उंबरठाही नव्हता.

केरीच्या केसरबाई केरकर या यादीत कधी नव्हत्या. मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे संगीत घेऊन जी तबकडी अवकाशात गेली, तीत भारतीय संगीत म्हणून घेतलेली एकमेव रचना त्यांच्याच आवाजातली आहे.

पेडण्याच्या जत्रांतील दशावतार आणि डिचोलीच्या देवळांतील भजन तर विक्रीस नव्हतेच. ते कोणत्या तराजूत घालणार? पिढ्यांपूर्वी तेरेखोल ओलांडून येथे स्थिरावलेल्या आपल्या घरांनी गाणी जपली ती कंठात. माझी आजी जात्यावर ओव्या गात असे. त्यांतली एकही आज मजपाशी नाही. त्याच दिवसांत दर बुधवारी गीतमालेचे क्रम मात्र मी वहीत उतरवून घेत होतो. ती वही अजून कपाटात आहे.

या चुकीचा दोष मी रेडिओला देत नाही. तो माझा आहे, आणि थोडाफार आपणा सर्वांचा. ज्यांच्या घरी जुन्या ओव्या, पदे, फुगडीची गाणी येणारे कुणी अद्याप आहे, त्यांनी या चातुर्मासात त्यांच्यापाशी बसावे, ती लिहून घ्यावीत, ध्वनिमुद्रित करावीत. क्रमांक कुणालाही देऊ नयेत.