लेव्ही बाईच्याच पोटावर का?



कापसाचा भाव, विजेचे बिल, सोसायटीचे कर्ज यांवर आपल्या बैठका रात्र रात्र चालतात. पाळणा कधी आणि कसा थांबवायचा, हा विषय मात्र निघत नाही. तो बायकांचा समजला जातो. आमचे म्हणणे असे, की हा शेतकऱ्याच्या घराचा प्रश्न आहे आणि तो बैठकीत आलाच पाहिजे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याने नसबंदी केल्याचे प्रमाण 0.3 टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या जणींचे ऑपरेशन झालेले. म्हणजे शंभर घरांत नसबंदी झाली, तर नव्याण्णव घरांत टेबलावर बाईच झोपली.

वास्तविक पुरुषाचे ऑपरेशन सोपे. टाका नाही, पोटाला छेद नाही, त्याच दिवशी घरी. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग तपासणी करून घ्यायची, एवढेच पथ्य. तरी गडी म्हणतो, ताकद गेली तर औत कोण हाकणार? ताकद जात नाही आणि पुरुषत्वही जात नाही. पण पोटावरचा टाका वाळतो न वाळतो तोच जी बाई वेचणीला वाकते, ज्वारीच्या काढणीला जाते, डोक्यावर हंडा घेते, तिच्या ताकदीचा हिशेब कोणी मांडला?

पुरुषांच्या मनात ही भीती सरकारनेही पेरली. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली. नोकरदारांना कोटा ठरवून दिला होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. ज्वारीच्या लेव्हीचा जाच ज्यांनी सोसला, त्यांना हा कारभार ओळखीचा वाटेल. 1977 च्या निवडणुकीत लोकांनी त्याला उत्तर दिले. मग हीच लेव्ही बायकांवर वळली, कारण त्या बोलणार नाहीत हे सरकारला ठाऊक होते. 1996 साली उद्दिष्टे रद्द झाली, ती कागदावर. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडातल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत 83 बायकांची ऑपरेशने उरकली. त्यांतल्या 13 जणी दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2016 साली द्यावा लागला.

ऑपरेशन वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ बहिणींनी ते स्वखुशीने केले आहे. पण दुकानात एकच बियाणे ठेवायचे आणि शेतकऱ्याने ते पसंत केले म्हणायचे, याला निवड म्हणत नाहीत. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते 1921 साली. शंभर वर्षे उलटली, तरी आपल्या विशीतल्या सुनेला पहिल्या बाळंतपणानंतर अंतर कसे ठेवायचे हे कोणी नीट सांगत नाही. दोन झाली की ऑपरेशन कर, एवढेच तिच्या कानावर पडते. तांबी, माला-एन गोळ्या, निरोध सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी 2017 पासून सरकारी योजनेत आली. कोणते साधन कोणाला मानवेल, त्याचा त्रास काय, हे नर्सबाईंनी बसून सांगायला हवे. नसबंदीसाठी नवऱ्याची सही लागत नाही, हेही बायकांना कळायला हवे.

म्हणून प्रत्येक गावच्या बैठकीत हे ठराव करा. उपकेंद्रात कोणती साधने शिल्लक आहेत, त्याचा फलक लावावा. साधन संपले तर जाब विचारायला पुरुषांनीही जावे. आणि ज्या घरात पाळणा थांबवायचा ठरले, तिथे आधी नवऱ्याने स्वतःच्या ऑपरेशनचा विचार करावा.

1986 साली चांदवडला शेतकरी बायका लाखांनी जमल्या. लक्ष्मीमुक्तीत आपल्यातल्या कित्येकांनी जमीन बायकोच्या नावे केली. सातबाऱ्यावर तिचे नाव लावणाऱ्या चळवळीने तिच्या देहाचा सातबाराही तिच्याच नावे आहे, हे आता मान्य करावे.