भय आणि जांभई

कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यात दिवे गेले की मुंजाच्या नि हडळीच्या गोष्टी निघत. सांगणारी आजी आवाज चढवीत नसे, उलट बारीक करी; आणि ऐकणारा मागे वळून पाही. याच मुलखात, चौकाजवळ, २००५ साली कै. नितीन देसाई यांनी चित्रनगरी वसविली. 'जोधा अकबर'साठी तेथे मोगली महाल उभे राहिले. पराक्रमास महाल शोभतात. भयास ते लागत नाहीत, हे मात्र आमच्या भयपटकारांस उमगलेले दिसत नाही. दर दहा मिनिटांनी दार आपटते, वाद्ये किंचाळतात, आम्ही दचकतो. पण दचकणे म्हणजे भिणे नव्हे. दचकविण्यास फटाकाही पुरतो! विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) आम्ही खरोखर भ्यालो. तेथे उसाच्या फडातील भुतामागे मुलगी नको म्हणणाऱ्या घराचे पाप उभे आहे.

कलापट म्हणविणाऱ्यांची तऱ्हा निराळी. तेथे कोणी बोलतच नाही. कॅमेरा भिंतीकडे पाहतो, आम्ही घड्याळाकडे. आणि कंटाळलो म्हणावे तर 'तुम्हांस कळले नाही' हे उत्तर तयार! आमटी अळणी झाली हे सांगण्यास आचारी असावे लागते काय? संथपणाशी आमचे वैर नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) संथच आहे. परंतु गटारात मेलेल्या कामगारावरून एका वृद्ध शाहिरावर भरलेला खटला तारखांमागून तारखा खातो, तेव्हा तो संथपणा न्यायमंदिराचा असतो, आणि आम्ही खुर्चीस खिळून राहतो. पुढच्या मंडळींनी त्यातला संथपणा तेवढा उचलला. शाहीर आणि कामगार दोघेही मागेच राहिले.